वस्तीची गाडी आणि आमचे हे

ज्यांच्या गावात रात्री मुक्कामी एसटी येते, त्या सर्व सरपंचांना,



मी वस्तीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची बायको. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की गाव निघतं, गाव निघालं की डेपो निघतो, आणि मग उद्या आमच्या ह्यांना कुणीतरी हसत हसत विचारतं, "काय हो, वहिनी पेपरात लिहायला लागल्या म्हणे?" ते प्रकरण मला नको आहे.

महाराष्ट्रात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांशी माझं काम नाही. ज्या गावात देवळासमोर, पाराजवळ नाहीतर शाळेच्या मैदानाच्या कडेला रात्री साडेआठ-नऊला लाल गाडी येऊन थांबते आणि सकाळी सहाला धुरळा उडवत निघून जाते, त्या गावांशी मला बोलायचं आहे. ती गाडी मिळावी म्हणून तुमच्यापैकी कुणीतरी चपला झिजवल्यात, निवेदनं दिलीत, डेपोत जाऊन बसलात. योग्यच केलंत. सकाळची ती गाडी नसेल तर किती मुलींची शाळा आठवीतच सुटेल, हे मला कुणी सांगायला नको. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत मुलींना पास फुकट मिळतो, पण पास दाखवायला आधी गाडी तर हवी.

तेव्हा गाडी बंद करा असं मी म्हणणार नाही, घाबरू नका. गाडीतून सगळे उतरून घरी गेल्यावर जे दोघे मागे राहतात, त्यांच्याविषयी थोडं ऐकून घ्या.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ह्यांना चालक म्हणून लागून सतरा. ज्या दिवशी वस्तीची ड्युटी असेल त्या दिवशी मी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात 'व' लिहिते. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, डब्यांच्या फळीवर अंथरायला बरी पडतात. परवा फळी पुसताना २०१६ च्या ऑक्टोबरचं पान वर आलं. तेरा 'व'. त्यातला शेवटचा ३१ तारखेला, दिवाळीच्या पाडव्याला. मला आठवलं, त्या वर्षी मी ह्यांना ओवाळलं ते दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्याच ताटात. माझा भाऊ पाटावरून उठला आणि हे बसले. भाऊ म्हणाला, "दाजी, रांगेत आलात." सगळे हसले, हेही हसले. मी तबक आत नेऊन ठेवलं आणि जरा वेळ आतच थांबले.

शेवटचा माणूस उतरला की गाडीत काय होतं, ते ह्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय. कंडक्टर आतल्या दिव्याखाली पैसे मोजतात, मशीनच्या आकड्याशी ताळा घालतात आणि पैशांची बॅग उशाला घेतात. हे चाकांना दगड लावतात. मग मच्छरदाणी. चार दोऱ्यांतल्या दोन सामानाच्या रॅकला, दोन उभ्या दांड्यांना. सीटवर आडवं व्हायचं तर गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, म्हणून मधल्या वाटेत वळकटी पसरायची. जेवण मोबाइलच्या उजेडात. डबा मी दुपारी एकला भरलेला असतो, त्यामुळे ओली भाजी चालत नाही. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, दुधात भिजवलेली दशमी. थंडीत झुणका देते. उन्हाळ्यात एकदा झुणका आंबला आणि हे तसेच झोपले, तेव्हापासून मार्च ते जून तोही बंद.

गेली काही वर्षं मी एक भाकरी जास्त घालते. ह्यांनी कधी मागितली नाही. वळकटी धुवायला काढली की तिच्यात कुसळं निघतात, माती निघते, आणि एका हिवाळ्यात सारखे तांबूस केस निघायला लागले. विचारलं तर म्हणाले, "गाडीखाली एक कुत्रं झोपतं. थंडी फार असली की वर घेतो." त्या संपूर्ण गावात ह्यांची ओळख झाली होती ती एका कुत्र्याशी.

आता जरा अवघड बोलते. तुमच्या वेशीवर पाटी आहे, 'हागणदारीमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत'. त्या पाटीवरून आमचे हे रात्री गाडी घेऊन आत येतात आणि पहाटे साडेचारला हातात बाटली घेऊन त्याच पाटीच्या पलीकडे जातात. अलीकडे जाणार कुठे? ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला कुलूप, शाळेच्या संडासाला कुलूप, देवळाच्या मागच्या नळाला पाणी सातनंतर. एका गावात त्यांना गुड मॉर्निंग पथकानं धरलं. मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. रीतीप्रमाणे हातात गुलाबाचं फूल दिलं आणि फोटो काढला. त्या दिवशी दुपारी हे घरी आले तेव्हा शर्टाच्या खिशात ते फूल होतं. लग्न झाल्यापासून मला फूल आणलं नव्हतं, मी आपली खुशीत येऊन केसांत माळायला घेतलं. म्हणाले, "ते टाकून दे." एवढंच. का, ते मला दोन दिवसांनी कंडक्टरांच्या मिसेसकडून कळलं.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनाही ठाऊक नसेल की आपण कुणाला पकडलं. गावातला नव्हता, एवढं मात्र त्यांना नक्की दिसलं असेल. ही स्वच्छतेची मोहीम आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० च्या सुमारास गाडगेबाबांच्या नावानं सुरू झाली. बाबांचा खराटा आपल्याला पाठ आहे, शाळेतल्या प्रत्येक फॅन्सी ड्रेसमध्ये असतो. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, देहूला धर्मशाळा बांधल्या, ते मात्र पोरांना कुणी सांगत नाही. परगावच्या माणसाला रात्री पाठ टेकायला आणि पहाटे बसायला जागा लागते, हे त्या माणसानं खराट्याइतकंच मनावर घेतलं होतं.

ह्या फुलाच्या गोष्टीनंतर मला ह्यांचं गप्प बसणं थोडंफार समजायला लागलं. त्याआधी काही वर्षं मी वेगळ्याच समजुतीत होते. मला वाटायचं, हे कंटाळलेत ते आम्हाला. ड्युटीवरून दुपारी दोनला यायचे, चपला काढायच्या आत मी सुरू. गॅस संपला, धाकट्याला मास्तरांनी बाहेर उभं केलं, आईंच्या गुडघ्याचं काय करायचं. ऐकल्यासारखं करायचे आणि झोपायचे. एकदा माझा तोल सुटला. मी म्हणाले, "तुमचं बरंय. तिथे ना पाणी भरायचं, ना कुणाचं दुखणं बघायचं. गाडी लावली की झोप." काही बोलले नाहीत. रात्री बघते तर वळकटी घेऊन अंगणात झोपलेले. घरात तीन खाटा, आणि हा माणूस आपल्याच दारात वस्तीला आल्यासारखा! मी पहाटे चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला आणि सवयीनं म्हणाले, "किती झाले?" मग दोघांनाही हसू आलं. भांडण तिथे संपलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, ह्यांना त्रास होईल असं काही सांगायचं नाही. तेव्हा ह्यांची वस्ती असायची त्या डोंगरातल्या गावाला रेंज नव्हती, देवळामागच्या टेकाडावर चढलं की दोन काड्या यायच्या. नऊ वीसला फोन यायचा, चार-पाच मिनिटांचा. मी म्हणायची, सगळं छान आहे. मुलं झोपली. आई बऱ्या आहेत. तसल्याच दिवसांत थोरला शाळेत जिन्यावरून पडला, हाताला प्लास्टर घातलं, आणि ह्यांना ते कळलं डेपोत, तिसऱ्याच माणसाकडून. त्या दिवशी मात्र ते बोलले. म्हणाले, "घरातलं मला बाहेर कळायला लागलं म्हणजे मी पाहुणाच झालो की."

तेव्हापासून मी सांगते. सगळं सांगते, पण क्रम लावून. आधी आई, मग मुलं, मग घर, आणि भांडणं उद्यावर. काही निर्णय मुद्दाम ह्यांच्यासाठी ठेवते. थोरल्याला क्लास लावायचा का, शेजाऱ्यांच्या बांधाचं काय करायचं, रंग कुठला द्यायचा. मला जमत नाहीत म्हणून नाही, मी सगळं एकटी उरकायला शिकले तर ह्यांना परत यायला घरात जागाच राहणार नाही, म्हणून. आणि हे दारात आले की एक तास कुणी काही मागायचं नाही. दारात त्या खाकी पॅंटीखालच्या चपला दिसल्या की धाकटा आपणहून टीव्हीचा आवाज कमी करतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही. खरं सांगायचं तर त्याचं मला कधी कधी वाईट वाटतं.

नातेवाईक म्हणतात, नोकरी आहे, पगार येतो, आणखी काय पाहिजे? पगार न येता नवरा रोज घरी असतो तेव्हा काय होतं, तेही आम्ही बघितलंय. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला. त्या संपाचं बरोबर काय, चूक काय, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, ती इथे नकोत. एवढंच सांगते, की सतरा वर्षांत सलग सर्वांत जास्त दिवस हे घरी राहिले ते तेव्हा. दिवसा उसाच्या ट्रॅक्टरवर जायचे. रात्री खाटेवर झोप लागायची नाही. पहाटे साडेचारला उठून बसायचे, अंधारात हातानं काहीतरी चाचपायचे, मग आठवायचं की गाडी काढायची नाहीये. मच्छरदाणी सोडवायला हात जात होता तो.

एक रात्र सांगते, म्हणजे हे पत्र मी महामंडळाला न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे ते कळेल.

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा. रात्री अकराच्या सुमाराला सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. खुबा गेला. ओरडणं ऐकवेना. मी ह्यांना फोन लावला, आणि नेमके हे टेकाडावर होते, फोन लागला. आमच्यापासून साठ-बासष्ट किलोमीटरवर. मी म्हटलं, "या." ते म्हणाले, "कसा येऊ?" पायाशी पन्नास माणसांची गाडी उभी होती आणि तिची चावी ह्यांच्या खिशात होती. ती घेऊन निघता येत नाही, हे मला माहीत, त्यांनाही माहीत. मी शेजारच्या पोराची रिक्षा काढली, त्यानं आणि मी आईंना चादरीत घालून उचललं, तालुक्याला नेलं. हे सकाळी सहाला निघाले. त्या फेरीला एकोणीस थांबे. प्रत्येक थांब्यावर गाडी उभी केली, शाळेची पोरं घेतली, दुधाच्या किटल्या घेतल्या, एका म्हातारीला हात देऊन चढवलं. सव्वाआठला तालुक्याच्या स्टँडवर गाडी लावली आणि तिथून दवाखान्यापर्यंत पळत आले.

नंतर मी विचारलं, "गावात कुणाची मोटरसायकल नव्हती का? कुणी सोडलं असतं की." ते म्हणाले, "असतील पन्नास. कुणाचं दार वाजवू? मला एकाचं नाव माहीत नाही, आणि माझं नाव कुणाला माहीत नाही." सात महिने ते त्या गावात रात्री झोपत होते.

त्या गावची माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. दार वाजलं असतं तर दहा जण धावले असते, आपल्याकडे तसं होतंच. पण दार वाजवायला आधी थोडी ओळख लागते, आणि सात महिन्यांत तेवढीही झाली नव्हती. मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं ह्यांचं दुखणं तिथे आहे. साठ किलोमीटर काही फार नाहीत. लोक दुबईला जातात, बोटीवर जातात, सीमेवर जातात. तिथे त्यांना निदान कुणी नावानं ओळखतं. आमच्या ह्यांना तुमच्या गावात 'ड्रायव्हर' म्हणतात. "ड्रायव्हर, उद्या जरा पाच मिनिटं थांबा हं, आमचं पोरगं यायचंय." तेवढंच.

उलट अनुभवही आहे, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. त्याच्या पुढच्या वर्षी ड्युटी बदलून दुसऱ्या खोऱ्यातलं गाव लागलं. गाडी विठ्ठलाच्या देवळासमोर उभी राहायची. गुरुवारी तिथे भजन. पहिल्या महिन्यात हे गाडीच्या पायरीवर बसून ऐकायचे. एकदा पखवाज वाजवणारा बुवा आला नव्हता, चाल सारखी पडत होती, आणि ह्यांची बोटं गुडघ्यावर चालू होती ती कुणा म्हाताऱ्यानं पाहिली. म्हणाला, "पाव्हणं, वाजवता का?"

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. लग्नाआधी हे आमच्या पंचक्रोशीत पखवाजासाठी माहीत होते. ड्युटीच्या रात्रींचं गणित बसेना, भजनी मंडळानं काही वर्षं वाट बघितली आणि मग दुसरा माणूस धरला. आमचा पखवाज खुंटीला, कापडी खोळीत. त्या खोळीवर मी वर्षातून दोनदा फडकं मारते. त्या गावात त्या रात्री हे बारा वाजेपर्यंत वाजवत बसले. मला फोन यायला उशीर झाला म्हणून माझा जीव खालीवर. साडेबाराला फोन आला, आणि मी ओरडणार तेवढ्यात ऐकलं तर आवाजच वेगळा. पंधरा वर्षांपूर्वीचा. "अगं, आज गव्हाची कणीक लावली पखवाजाला, बोल कसला सुटलाय म्हणून सांगू!"

तिथून पुढे दर गुरुवारी कॅलेंडरवर 'व' असावा असं मलाच वाटायला लागलं. गंमत आहे की नाही? नवरा बाहेरगावी झोपावा म्हणून बायको देवाला हात जोडते. त्या गावानं फार काही केलं नव्हतं. देवळामागची खोली उघडून दिली, एक प्लग दिला मोबाइल लावायला, संडासाची किल्ली पुजाऱ्याकडे ठेवली. आणि नाव विचारलं. सव्वा वर्षानं ती ड्युटी गेली. जूनपासून नवं गाव आहे. तिथली परिस्थिती वर लिहिली तशीच, फक्त कुत्रं वेगळं.

तुम्ही म्हणाल, वस्तीच्या माणसांची सोय बघणं महामंडळाचं काम, आमच्या ग्रामपंचायतीचा काय संबंध? कायद्यानं खरं आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं की जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकानं उजेडाची, हवेशीर, स्वच्छ विश्रांतीची खोली किंवा तशीच दुसरी सोय द्यायची. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला. हक्काची ती लढाई संघटना लढतात, लढू देत. पण तुमच्या वाडीवर महामंडळाची स्वतःची वीतभरही जागा नसते. गाडी उभी राहते ती गावाच्या जमिनीवर, आणि ज्या खोल्यांना रात्री कुलपं असतात त्या गावाच्या असतात. किल्ली तुमच्याकडे आहे. म्हणून तुम्हाला लिहिते.

आणि हे मी वरून सांगत नाही, कारण मीही त्यातलीच. महिलांच्या जागेवर मी २०१७ ला आमच्या ग्रामपंचायतीत निवडून आले. आमच्या गावाला मुक्कामी गाडी मिळावी या ठरावाला अनुमोदन माझं होतं. गाडी सुरू झाली, आम्ही नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-टॉवेल दिला, पेढे वाटले. माझा स्वतःचा नवरा त्या रात्री दुसऱ्या कुठल्यातरी गावात गाडीच्या वाटेत झोपलेला. तरी आमच्या गावात आलेले ते दोघे कुठे झोपतात, हा प्रश्न मला पुढचे तीन महिने पडला नाही. खोटं कशाला बोलू, पडलाच नाही. मग डिसेंबरात एका पहाटे मी पाण्याला गेले तर सार्वजनिक नळावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून तोंड धूत होता. बायका यायच्या आत उरकावं म्हणून घाई चाललेली. खांद्यावर हिरव्या काठाचा पंचा. अगदी तसाच आमच्या दोरीवर वाळत असतो.

मला तिथे उभं राहवेना.

पुढे जे केलं त्यात मोठेपणा काही नाही. जुन्या चावडीची खोली रिकामी होती, तिच्यात खताची पोती. चार मासिक सभा लागल्या. एक सदस्य म्हणाले, आज खोली दिली तर उद्या गीझर मागतील. दुसरे म्हणाले, दारू पितील. मी म्हटलं, तुमच्या ओट्यावर पिणाऱ्यांना आधी उठवा, मग बघू. शेवटी झालं. बंद पडलेल्या व्यायामशाळेतल्या दोन लोखंडी खाटा, एक पंखा, एक बल्ब, दोन प्लग, आतून कडी, आणि शेजारच्या संडासाला पाण्याची टाकी. सगळे मिळून साडेअकरा हजार रुपये. स्वागत कमानीच्या रंगाला त्याच वर्षी आम्ही त्याहून जास्त घातले होते.

पैसे कुठून आणायचे ते तुम्हाला मी सांगायला नको. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. संडासाला पाणी आणणं त्यातच बसतं, जिथे बसत नाही तिथे आपण काय काय बसवतो तेही मला माहीत आहे. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' असतात ना, त्यात नको, त्याच्या आधी. आयत्या वेळचे विषय येईपर्यंत बायका स्वयंपाकाला घरी गेलेल्या असतात.

खोली एकदम जमणार नसेल तर संडासाची किल्ली गाडीजवळच्या घरात ठेवा आणि ती तिथे आहे हे त्या दोघांना सांगा. गाडी उभी राहते तिथे एक दिवा रात्रभर चालू ठेवा, त्यानं साप-किरडूही वेळेवर दिसतं. दुखलंखुपलं तर कुणाला उठवायचं, त्या एका माणसाचा नंबर द्या. चहा-जेवण घाला असं मी म्हणणार नाही. पूर्वी गावं वस्तीवाल्यांना घरी जेवायला बोलवायची, हुरड्याला न्यायची. आता सगळ्यांचीच धावपळ आहे, आणि ह्यांनाही रोज कुणाच्या ताटावर बसायला आवडणार नाही. सणासुदीला तर हे तुमच्याकडेही नसतात. गणपतीला कोकणाच्या जादा गाड्या सुटतात, गेल्या वेळी पाच हजारांच्या घरात होत्या, आषाढीला पंढरपूरच्या तेवढ्याच. तुमचा सण तो आमची जादा ड्युटी. आमचा घरचा गणपती सलग सहा वर्षं थोरल्यानं बसवलाय.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. वाटेतल्या गावांनी गाडी थांबवून तिची पूजा केली असं सांगतात. ही दोन नावं आमच्या ह्यांना पाठ आहेत, दर वर्धापन दिनाला कुणीतरी भाषणात घेतं. तुमच्या गावात काल रात्री जी गाडी झोपली तिच्यावर कोण होतं, हे तुमच्यापैकी कितींना सांगता येईल, मला माहीत नाही. आमच्या गावातल्या त्या दोघांची नावं मीही तीन महिने विचारली नव्हती.

हे पत्र मी ह्यांना दाखवणार नाही. "कशाला उगीच," म्हणतील. गुलाबाची गोष्ट लिहिली म्हणून रागावतीलही. आज चौकोनात 'व' आहे. डब्यात ठेचा, दशम्या आणि ती एक जास्तीची भाकरी. दुपारी निघताना खुंटीकडे बघत दारात उभे होते. मी म्हटलं, "न्यायचा का?" म्हणाले, "तिथे कुठे ठेवू? दमट धरतं." मग गेले. नऊ वीसला फोन येईल, रेंज असली तर. आईंनी आज काठीशिवाय चार पावलं टाकली, ते आधी सांगायचं आहे.

आपली,
वस्तीच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरची बायको